सभापती जेवत नाहीत

महाल, नागपूर
५ ऑगस्ट २०२५

ती. सुभद्राआत्यास,
मिनलचा सा. न. वि. वि.

आधी मुख्य बातमी. सभापती जिवंत आहेत. ऑपरेशन काल दुपारी झालं. मागच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं, ते धातूची पट्टी आणि स्क्रू लावून जोडलं. डॉ. नूपुर मॅडम म्हणाल्या की धडक देणारा टिप्पर ट्रक अजून हातभर इकडे आला असता, तर उमरेडहून त्याला नागपूरला आणायची वेळच आली नसती. आता तो आमच्या पुढच्या खोलीत आहे. लोखंडी पिंजरा, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, आणि सहा आठवडे उभं राहायचं नाही असा हुकूम. त्याला जागेवर ठेवणारा कापडी पट्टाही बांधला आहे.

तुझा जावई अश्विन कुत्र्यांना किती भितो ते तुला माहीत आहे. सीताबर्डीच्या दुकानातून आला की भिंतीला पाठ घासत स्वयंपाकघरात जातो. मी हसले, तर म्हणाला, तुले हसू काहून येऊन राहिलं, त्याचे दात पाहिले का.

आत्या, काळजीची गोष्ट अशी की तो खात नाही. दहीभात ठेवला, अंडं ठेवलं, उकडलेली कोंबडी ठेवली. समोर ठेवलं की मान फिरवतो. ताप नाही, उलटी नाही. मॅडमना वाटतं, माणसं नवी आहेत म्हणून. तू त्याला कसं भरवतेस ते सविस्तर लिही. घशाच्या ऑपरेशनमुळे तुला महिनाभर बोलायचं नाही आणि मोबाईलवर बोटं आपटणं तुला कमीपणाचं वाटतं, म्हणून हा कागद. तुझ्या शेजारच्या दीक्षा मॅडम शाळेसाठी रोज अप-डाऊन करतात, त्यांच्या पर्समधून आपलं टपाल चालू द्यावं.

घसा जप. उत्तराची वाट पाहते, आणि तुझ्या मायेची तर नेहमीच.

तुझी,
मिनल

*

उमरेड
६ ऑगस्ट

चि. मिनल हिस,
अनेक आशीर्वाद.

साष्टांग कशाला घालतेस? आपल्या घरात कुणी कुणापुढे आडवं पडायचं नाही. सरळ उभी राहून नमस्कार कर, तो मला पोचतो.

तो खात नाही, कारण त्याला तसं शिकवलं आहे, आणि शिकवणारी मी आहे. चिटणीस आठवतो ना, याच्या आधीचा? मुरमाच्या टिप्परांविरुद्ध मी चौकात पहिली सभा घेतली, त्याच आठवड्यात कुणीतरी कुंपणावरून मटणाचा तुकडा टाकला. चिटणीस अंगणात तडफडून मेला. तक्रार द्यायला गेले तर साहेब म्हणाले, बाई, कुत्राच होता ना. माणसाला विष घालायची हिंमत नसलेले लोक कुत्र्याला घालतात, आणि ज्यांनी विचारायचं ते खुर्चीत बसून असं बोलतात! त्या दिवशी मी ठरवलं की पुढचा कुत्रा कुणाच्या हातचं घेणार नाही.

सभापती पिल्लू होता तेव्हापासून नियम एकच. मी ताटली ठेवायची, त्याने बसायचं, आणि मी ‘घे, आपलंच आहे’ म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही. दुसऱ्या कुणी कलेजी जरी धरली तरी तो मान फिरवतो. गेल्या निवडणुकीत एक नगरसेवक बिस्किटं घेऊन आले होते. त्याने हुंगलंसुद्धा नाही. मी पुढच्या सभेत सांगितलं की या वॉर्डात विकला न जाणारा एकच मतदार आहे आणि त्याला चार पाय आहेत. लोक अर्धा मिनिट टाळ्या वाजवत होते.

आता मला बोलायला मनाई. डॉक्टरांनी कुजबुजही करू नका म्हणून बजावलं आहे. पण दीक्षा सांगते की माझं गेल्या वर्षीचं मैदानावरचं भाषण मोबाईलवर सापडतं. त्याला माझा आवाज हवा ना? मग लाव ते. ताटली समोर ठेव आणि पूर्ण लाव. मध्येच बंद करू नकोस, शेवटी शेवटी माझा आवाज खरा लागतो.

जावईबापूंना सांग, तो चावत नाही. त्याला चावण्यासारखी माणसं वेगळी आहेत.

तुझी काळजी करणारी, आणि ती बोलून दाखवता येत नसल्याने जास्तच करणारी,
आत्या

*

महाल
८ ऑगस्ट

ती. आत्यास,
सरळ उभी राहून नमस्कार, वि. वि.

वाईट झालं. बसून वाच.

काल संध्याकाळी भाषण लावलं. तुझं पहिलं वाक्य ऐकताच त्याचे दोन्ही कान उभे राहिले. नरसाळ्याच्या आतून त्याने मोबाईल शोधला, शेपूट पिंजऱ्यावर आपटू लागली. मला रडूच आलं. मी ताटली सरकवली. तो ताटलीकडे बघेना, आवाजाकडेच बघत राहिला. ‘घे’ हा शब्द त्या भाषणात कुठेच नाही, आत्या. मग शेवट आला, टाळ्या सुरू झाल्या, घोषणा झाल्या, आणि तो ताडकन उभा राहिला. सभा संपली की तो तुझ्या पुढे पुढे चालायला उठतो, हे तू मला सांगितलं नव्हतंस. की तुलाही आठवलं नाही? पट्टा सुटला. दुखरा पाय अंगाखाली मुडपला आणि तो असा ओरडला की खालचे घरमालक चप्पल न घालता वर आले.

आज एक्सरे काढला. एक स्क्रू हलला आहे. नूपुर मॅडम एरवी शांत असतात. आज म्हणाल्या, पेशंटला भाषण ऐकवायचा सल्ला कुठल्या डॉक्टरने दिला. अश्विन म्हणाला, उमरेडच्या हायकमांडने. त्या हसल्या नाहीत. हाड अजून जागेवर आहे, पण तो पुन्हा एकदा जरी असा उठला तरी सगळं उघडावं लागेल, आणि मग पाय ठेवता येईल की नाही ते सांगता येणार नाही.

आणि खाणं नाहीच. सलाईनवर आहे. पिचकारीने पातळ भरवायला गेलो तर दात आवळतो. जबरदस्ती केली तर फुप्फुसात जाईल म्हणून तेही बंद केलं. मॅडम म्हणतात, अंगात काही गेल्याशिवाय जखम भरणार नाही. बुधवारपर्यंत स्वतःहून खाल्लं नाही, तर मानेतून नळी घालावी लागेल. त्यासाठी पुन्हा भूल द्यायची, आणि या अशक्तपणात भूल झेपेल अशी हमी त्या देत नाहीत.

काहीतरी सुचव. लवकर सुचव. राग नाही माझा, भीती आहे.

तुझी,
मिनल

*

उमरेड
९ ऑगस्ट

चि. मिनल हिस आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते.

आज सकाळी मी दीक्षाच्या मोबाईलमध्ये ते तीन शब्द बोलले. मला अडवण्यात अर्थ नव्हता, तरी ती दारात उभी राहून मानेने नाही नाही म्हणत होती. जे बाहेर आलं ते रिकाम्या डब्यावर पत्रा घासावा तसं होतं. दीक्षाने ऐकलं आणि दुसरीकडे पाहिलं. तिने ते तुझ्या मोबाईलवर पाठवलं आहे. लावून बघ. भाषण नाही, टाळ्या नाहीत, तेवढेच शब्द.

घशाच्या डॉक्टरांना कळवू नकोस. माझा घसा ही माझी मालमत्ता आहे, तो कुठे खर्च करायचा ते मी ठरवीन.

कळव. काहीही असो, कळव.

आत्या

*

महाल
११ ऑगस्ट

ती. आत्यास,
नमस्कार, वि. वि.

त्याने तुला ओळखलं नाही.

हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिते आहे. आवाज लावला, तेव्हा तो मोबाईलकडे बघून गुरगुरला. दुसऱ्यांदा लावला तर तोंड पिंजऱ्याच्या कोपऱ्यात घातलं. त्याला वाटलं असेल, कुणीतरी तुझी नक्कल करून फसवतंय. तूच तर त्याला हे शिकवलंस.

आता मला जे वाटतं ते लिहू दे. मग पाहिजे तेवढी ओरड, कागदावर. मी सातवीत होते तेव्हा तुझं पहिलं भाषण ऐकलं. हुकूम कुणाचाही असो, आधी तपासून घ्या, असं तू म्हणाली होतीस आणि माझ्या अंगावर काटा आला होता. सासूबाईंच्या विरोधात नोकरी धरली ती त्याच वाक्यावर. अख्ख्या तालुक्याला तू हुकूम मोडायला शिकवलंस आणि घरातल्या एका मुक्या जिवाला असा हुकूम दिलास, जो तुझ्याशिवाय कुणी मागे घेऊच शकत नाही. आणि तुझा आवाज गेला आहे. आता तो तुझं ऐकून मरणार आहे, आत्या. विष घालणाऱ्यांना जे जमलं नाही ते आपण घरातल्या घरात करतो आहोत.

बरगड्या दिसायला लागल्या. इथे मारबतीच्या मिरवणुकीसाठी ढोलांचा सराव सुरू झाला आहे, प्रत्येक ठोक्याला तो दचकतो आणि मी पट्टा धरून बसते. अश्विन आता भिंत सोडून पिंजऱ्याशेजारी चटई टाकतो. काल त्याला म्हणत होता, खा ना गा बाप्पा, मी काय तुले जहर देऊन राहिलो का.

नळी परवा सकाळी. मला सांग, मी हो म्हणू की नको?

मिनल

*

उमरेड
१२ ऑगस्ट

चि. मिनल हिस आशीर्वाद.

ओरडत नाही. तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. माझ्या विरोधकांनी इतकी वर्षं शोधलं, त्यांना असं एकही वाक्य सापडलं नाही. घरच्या मुलीला सापडलं, हे बरं झालं.

आता कामाचं. रात्रभर एकाच गोष्टीचा विचार केला. मी त्याला काय शिकवलं? दिलेलं नाकारायला शिकवलं. ताटली समोर ठेवली, हात पुढे केला, लाडाने बोलावलं, की ते देणं झालं, आणि देणं म्हणजे धोका. तुम्ही घरातले सगळे आठ दिवस त्याला देत आहात! जितकं प्रेमाने देता तितका तो घट्ट होतो. पण चोरू नकोस असं मी त्याला कधी शिकवलं नाही. तशी वेळच आली नाही, आमच्या घरात चोरण्यासारखं काही उघडं नसतं.

तर त्याला चोर कर. जे कुणी त्याला दिलेलं नाही, जे दुसऱ्याचं आहे, आणि ज्यावर कुणाचं लक्ष नाही, असं काहीतरी त्याच्या नाकाशी असू दे. नरसाळं काढ, पिंजऱ्याचं दार उघडं ठेव, पट्टा दुहेरी बांध. वस्तू इतकी जवळ हवी की उठावं लागू नये. आणि हे जावईबापूंनीच करायचं. तू नको, तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, ‘खा रे खा’ असं कपाळावर लिहिलेलं असतं. अश्विनरावांनी पाठ करून बसावं, आपलं जेवण जेवावं, आणि मागे वळून पाहू नये. त्यांना भीती वाटेल. वाटू दे. ती खरी असेल म्हणूनच हे फसवणं वाटणार नाही.

ज्याला न विकला जाणारा म्हणून मी मैदानावर मिरवलं, त्याने आज माझ्या जावयाच्या ताटातली कोंबडी पळवावी, एवढंच मागणं आहे.

नळीचा निर्णय उद्या सकाळी तुझा. तू जो म्हणशील तो मी मानीन.

तुझ्या शहाणपणावर सगळा भार टाकून बसलेली,
आत्या

*

महाल
१३ ऑगस्ट

ती. आत्यास,
मिनलचा उड्या मारत नमस्कार, वि. वि.

थांब, नीट क्रमाने सांगते.

काल दीक्षा मॅडमनी संध्याकाळी पत्र दिलं. अश्विनला वाचून दाखवलं. मग म्हणाला, उपाशी कुत्रा, दार उघडं, अन् मी पाठ करून? तुझ्या आत्याले मले मारायचं आहे का वं? पण शर्ट बदलून खाली बसला. बिनतिखटाची कोंबडी आणि भाकरी ताटात घेतली, ताट मांडीवर नाही तर बाजूला फरशीवर ठेवलं, अगदी दाराशी. पट्टा मी दोन्हीकडून बांधला, नरसाळं काढलं आणि स्वयंपाकघरात गेले. तिथून कपाटाच्या आरशात दोघं दिसतात.

अश्विन जेवत होता. म्हणजे घास हातात धरून बसला होता. त्याच्या मानेवरचा घाम मला आरशात दिसत होता. सभापती त्याच्या पाठीकडे बघत होता. मग ताटाकडे. मग पुन्हा पाठीकडे. खाली ढोल वाजला आणि माझा जीव गेला, आता उठतो म्हणून. तो उठला नाही. त्याने मान लांब केली, अजून लांब केली, हनुवटी फरशीला लावली, आणि जिभेने भाकरीचा काठ स्वतःकडे ओढला. ओढून थांबला. कुणी ओरडतंय का ते पाहिलं. आत्या, इतकं अपराधी तोंड मी कुठल्या माणसाचं पाहिलेलं नाही. मग गपकन गिळला.

दुसरा तुकडा कोंबडीचा. तिसऱ्याला ताट वाजलं. अश्विनने डोळे घट्ट मिटले होते, पण हलला नाही. शेवटी कुत्र्याने त्याच्या ताटाशी टेकलेल्या हातातल्या घासापर्यंत नाक आणलं आणि तोही नेला. बोटांना दात लागले नाहीत. अश्विन तसाच बसून होता आणि रडत होता, आणि मला म्हणत होता, पाहू नको, तो शरमेल.

सकाळी मॅडमनी नळी रद्द केली. म्हणाल्या, थोडं थोडं द्या. मी म्हटलं, द्यायचं नाही मॅडम, चोरू द्यायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीच लिहिलं नाही. स्क्रू आहे तिथेच आहे. पाय वाचेल की नाही ते आठवडाभराने कळेल. तो थोडा लंगडेल, असं त्या आत्ताच सांगून ठेवतात.

आज दुपारी त्याने माझ्यासमोर चोरलं. मी पाठसुद्धा केली नव्हती.

तुझ्या रागालोभाची धनी,
मिनल

*

उमरेड
१४ ऑगस्ट

चि. मिनल आणि अश्विनराव यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दीक्षाने वाचून दाखवलं, कारण मला अक्षरं दिसेनात. ती मध्येच थांबली की मी टेबलावर हात आपटत होते.

अश्विनराव, आयुष्यभर मी धाडसाची व्याख्या सांगत फिरले. भीती नसणं म्हणजे धाडस, असं म्हणत आले. ते चूक होतं, पुढच्या सभेत दुरुस्त करीन. पुढची सभा असली तर. आज घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. त्या तीन शब्दांनी किती नुकसान झालं ते ते सांगत नाहीत, पण रागावले. कदाचित पहिला आवाज येणार नाही, म्हणाले. मी पाटीवर लिहिलं, दुसरा येईल ना? त्यावर ते हो म्हणाले.

सोमवारी मी येते. मिनल, स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, आणि मी घरात शिरले की त्याला माझं नाव सांगून नाचू नकोस. तो उठता कामा नये. मी गुपचूप येऊन पिंजऱ्याजवळ बसेन, पाठ त्याच्याकडे करून, भाकरी फरशीवर ठेवून. मी काही बोलणार नाही. बोलले तरी तो ओळखणार नाही. त्याने माझीसुद्धा भाकरी न विचारता उचलावी, एवढ्याचसाठी मी उमरेडहून येणार आहे.

नाही उचलली, तर अश्विनरावांना माझ्या जागी बसू दे.

येईपर्यंत मला सांभाळून घ्या, आल्यावर तर घ्याच.

तुमची,
सुभद्राआत्या