वीस मिनिटांचा थांबा

घरच्या मालकिणीस निवृत्त ड्रायव्हरचा नमस्कार.

मी बरा आहे. कंबर थोडी धरते, पण तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात? धाकटीचा फोन येतो का?

ज्या रस्त्याने तीस वर्षं पर्यटकांची बस नेली, त्याच रस्त्याने आपली छोटी गाडी नेतोय. काल पहिल्या थांब्यावर, उद्यानात, सवयीने गाडी सावलीत लावली आणि तोंडावर टोपी घेऊन झोपलो. वीस मिनिटांनी उठून, थांबा संपला म्हणून नेहमीसारखा जोरात हॉर्न दिला. आपलीच बस निघाली असं समजून कोण कुठली माणसं हातातलं खाणं टाकून पळत सुटली! एका आजोबांनी मला चांगलंच झापलं. तेव्हा कुठे लक्षात आलं, माझ्या गाडीत आता कोणीच नाही.

खूप हसलो. मग उगाच गळून गेल्यासारखं झालं.

आज तळ्यापाशी मात्र किल्ली खिशात टाकून उतरलो आणि कठड्यापर्यंत चालत गेलो. अख्खा डोंगर पाण्यात उलटा उभा होता.

दर खेपेला तू विचारायचीस, "तिथं असतं तरी काय एवढं?" मी म्हणायचो, "काही नाही गं, डोंगर आणि पाणी." तुला वाटायचं, मी न्यायचं टाळतोय. तसं नव्हतं गं. मी कधी खाली उतरून पाहिलंच नव्हतं.

पुढचा प्रवास राहू दे, थकलोय. उद्या मागे फिरतो, तुला घ्यायला. गाडीपासून कठडा साठ पावलांवर आहे, तुझ्या गुडघ्यांसाठी मोजून आलोय. हवा तेवढा वेळ बघत बस. मी हॉर्न देणार नाही.

तुझाच,
ड्रायव्हर