कै. सॉक मान-हो यांचा राहण्याचा इरादा ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. निर्णय अधिकारी,
वारसा व देणगी कर कक्ष (परदेशी नागरिक),
विभागीय कार्यालय, न्यू जर्सी.

विषय : माझे पती कै. सॉक मान-हो यांचा या देशात कायम राहण्याचा इरादा होता की नव्हता, हे एकदाचे ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. ११ मार्च २०२४.
२) माझे यापूर्वीचे अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

खाली सही करणारी ब्यन सून-रे, वय ६६, राहणार पॅलिसेड्स पार्क, धंदा कपडे धुलाई व इस्त्री, आपणास सविनय कळविते की :

१. माझे पती गेल्या नोव्हेंबरात दुकानातच, इस्त्रीच्या टेबलापाशी वारले. आम्ही १९९९ साली कोरियातून धंद्याच्या व्हिसावर येथे आलो. हे दुकान उभे केले, पुढे राहते घर घेतले. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. आम्हांस मूलबाळ नाही. त्यामुळे ते घर आणि मी, एवढेच मागे उरलो आहोत.

२. आपल्या पत्रावरून मला समजले ते असे. येथे कायम राहण्याचा इरादा असलेला माणूस वारला, तर आमच्यासारख्या लहान घरावर वारसा कर बसत नाही. इरादा नसलेला परदेशी वारला, तर साठ हजार डॉलरची सूट आणि त्यापुढे सगळ्यावर कर. माझ्या पतींचा इरादा नव्हता असे आपले मत आहे. त्या मताप्रमाणे होणारा कर घराच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो. तेवढी रक्कम माझ्यापाशी नाही, म्हणजे घर विकावे लागेल. तेव्हा माझ्या डोक्यावरचे छप्पर एका मेलेल्या माणसाच्या मनात काय होते यावर टिकून आहे, ही बाब कृपया ध्यानात घ्यावी.

३. आपला पहिला पुरावा म्हणजे व्हिसा वाढवून घेताना पतींनी दर वेळी लिहून दिलेले वाक्य : 'माझा व्यवसाय संपताच मी हा देश सोडून जाईन.' सही त्यांचीच आहे, मी नाकारत नाही. परंतु महोदय, हे वाक्य लिहिले नाही तर व्हिसा मिळत नसे. राहायचे असेल तर जाणार असे लिहून द्या, असा आपल्याच सरकारचा नियम आहे. ते सही करून घरी येत आणि परसात पुढच्या किमचीसाठी, म्हणजे आमच्याकडच्या लोणच्यासाठी, मुळ्याचे बी पेरीत. उत्पन्नकर घेताना त्यांना दर वर्षी रहिवासीच धरले गेले. तेव्हा कोणी इरादा विचारला नाही.

४. दुसरा पुरावा मीच आपल्या हाती दिला, याबद्दल माझे मन मला खाते. कराच्या विवरणपत्रात परदेशातील मालमत्तेच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिले : 'कोरियात छंगसोंग येथे कुळाच्या दफनाच्या टेकडीवर पतींच्या नावाचे एक थडगे, रिकामे.' फोटोही जोडला. आमचे हिशेबनीस श्री. जू यांनी तो पाहून कपाळाला हात लावला, पण तोवर टपाल गेले होते.

त्याचा खुलासा असा. आमच्याकडे चांद्र पंचांगात मधूनच एक अधिक महिना येतो. त्या महिन्यात देवांचे लक्ष नसते असे मानतात, म्हणून एरवी करायला भ्यावे अशी कामे तेव्हा उरकतात. वडीलधाऱ्यांचे कफन शिवतात, रिकामे थडगे बांधतात. असे केल्याने आयुष्य वाढते. २०१४ साली पतींना साठ वर्षे पूर्ण झाली, त्यात अधिक महिना आला, आणि सासूबाईंनी हट्टाने थोरल्या मुलासाठी मातीचा उंचवटा घालून नावाचा दगड बसवला. आम्ही तिकडे गेलो, डबे नेले, तांदळाची दारू प्यालो. फोटोत पती त्या दगडाला टेकून हसत आहेत ते त्यामुळे. ते थडगे मरण्यासाठी नव्हते.

५. हे सर्व मी आपल्या कार्यालयातील श्रीमती डेलगाडो यांना खिडकीशी सांगितले. बाई भल्या आहेत, त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "अहो मावशी, माणूस स्वतःच्या थडग्याला टेकून हसतोय. हा इथंच राहणार होता, असं मी वरच्या साहेबांना कुठल्या तोंडानं सांगू?"

मी म्हटले, "ते आयुष्य वाढावं म्हणून असतं."

"पण ते गेले ना?"

बाईंनी मला पाणी दिले. त्याबद्दल त्यांच्यावर कारवाई होऊ नये.

६. आपल्या पत्रात असेही म्हटले आहे की मयताचे अंतिम स्थान कोठे आहे, याचाही विचार होईल. त्या धास्तीने मी पतींच्या अस्थी अद्याप तिकडे नेलेल्या नाहीत. त्या झोपायच्या खोलीतील कपाटात, कोटांच्या मागे आहेत. धाकटे दीर मान-शिक यांचा दर रविवारी फोन येतो.

"वहिनी, आईला मी काय सांगू? चौऱ्याण्णव वर्षांची म्हातारी दारात खुर्ची टाकून बसलीय. दरसाल गवत मी कापतो, जागा तयार, आणि दादा तिकडं कोटांच्या मागं!"

मी सांगते, "भावजी, तिथं आणलं तर इथलं घर जाईल."

"आणि नाही आणलं तर राहील असं लिहून दिलंय का कुणी?"

दीर तोंडाचे फटकळ आहेत, पण प्रश्न रास्त आहे. तो मी जसाच्या तसा आपल्यापुढे ठेवते.

७. आता या अर्जाचे मुख्य कारण. पती गेल्याबरोबर त्यांच्या व्हिसावर असलेला माझा मुक्कामही संपला. हे प्रकरण मिटेपर्यंत राहू द्यावे, असा अर्ज मी स्थलांतर खात्याकडे केला होता. तो नामंजूर झाला. कारण दिले आहे ते असे : 'अर्जदार व तिचे मयत पती यांनी येथे घर खरेदी केले असून त्यांचा या देशात कायम राहण्याचा इरादा स्पष्ट दिसतो. तात्पुरत्या मुक्कामाचे म्हणणे विश्वासार्ह नाही.' मला ३० जूनपर्यंत देश सोडावयाचा आहे.

हे पत्र आणि आपले पत्र एकाच दिवशी एकाच पेटीत आले. मी दोन्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि आळीपाळीने वाचली. एका खात्याच्या मते माझा नवरा चोवीस वर्षे निघालेलाच होता, म्हणून घर द्या. दुसऱ्याच्या मते तो हलणारच नव्हता, म्हणून तुम्ही निघा. महोदय, मला हसू आले आणि मग त्यांची फार आठवण आली. असे काही झाले की ते दुकानाचे शटर अर्धे ओढून मोठ्याने शिव्या घालीत. मला तेवढ्याही येत नाहीत.

८. आपण प्रामाणिकपणाची शपथ घातली आहे म्हणून लिहिते. त्यांचा खरा इरादा मलाही माहीत नाही. चर्चमध्ये कोणी विचारले की ते म्हणत, "जायचंय की, एवढं वर्ष सरू दे." दर वर्षी हेच. आणि दर वर्षी परसात काही ना काही लावीत. मी पत्नी असून कधी खोदून विचारले नाही. वाटले, अजून वेळ आहे.

९. सबब विनंती अशी की, दोन्ही खात्यांनी एकत्र बसून एकच काय ते ठरवावे. ते राहणार होते असे ठरले तर घर राहू द्यावे. जाणार होते असे ठरले तर घर घ्यावे, परंतु माझ्यावरचा 'कायम राहण्याचा इरादा' काढून टाकावा. घर आणि मुक्काम, दोन्ही मिळणे नाही, हे मला आता कळते. घर विक्रीस काढले आहे. तिकीटही काढले आहे. अस्थी हातातल्या सामानात न्याव्या लागतात. त्याच्या परवान्यात एक रकाना आहे : 'मयताचा राहण्याचा देश.' इतर सर्व रकाने मी भरले. हा एक मला भरता आलेला नाही. तो आपण भरून, शिक्का मारून द्यावा. आपण जे लिहाल त्यावर मी यापुढे कसलीही हरकत घेणार नाही.

आपली विश्वासू आणि ३० जूनपर्यंत येथेच असलेली,

(सही)
ब्यन सून-रे

पॅलिसेड्स पार्क, दि. २७ मे २०२४

सोबत :
१) दोन्ही खात्यांची पत्रे, एकत्र टाचलेली.
२) थडग्याच्या फोटोची प्रत. (मूळ फोटो आपल्याकडे आहे. तो परत मिळावा. त्यांचा हसतानाचा दुसरा नाही.)
३) अस्थी नेण्याचा परवाना, एक रकाना सोडून भरलेला.
४) उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा. त्यावर पत्ता घातलेला नाही.