क्षमाचा उजवा पाय

बोरीवली, ४ फेब्रुवारी १९८६

ती. दत्तारामदादास,
शि. सा. न. वि. वि.

भाचीसाठी धाडलेले चांदीचे वाळे पोचले. घडण झकास आहे, पण क्षमाच्या पायात एकच वाळा गेला. चूक सोनाराची नाही, माझी आहे. मापाला दोरा मागवलास तेव्हा मी मुद्दाम डाव्या पायाचा पाठवला. उजवा जन्मापासूनच मोठा आहे. आता पोर सव्वा वर्षाची झाली, तर तो डाव्याच्या दुप्पट भरतो. अंगठा माझ्या अंगठ्याएवढा! वर्षभर तो मी सगळ्यांपासून झाकून ठेवला.

डॉक्टर म्हणतात, पोटात असतानाच त्या पायाच्या मांसाला थांबायचं कळलं नाही. लाखांत एखाद्याला होतं, कुणाचा दोष नसतो. मार्चमध्ये ऑपरेशन करून दोन बोटं काढायची म्हणतात, पण पोर चालेल की नाही हे सांगत नाहीत. ह्यांनी सही केली. माझं मन घेत नाही रे. बोटंही गेली आणि पोर उभीच राहिली नाही तर?

लोभ आहे म्हणून रागव, पण अंतर देऊ नकोस.

तुझी,
वनमाला

देवगड, १२ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. वनमालेस,
अनेक आशीर्वाद.

गणपतीला आली नाहीस ती ह्यापायी होय गो? आणि मी मेला भावजींना नावं ठेवत बसलो! सोनाराने विचारलं होतं, दोरा एकाच पायाचा कसा. मीच छाती ठोकून सांगितलं, दोन्ही पाय सारखेच असणार. पत्र वाचून तुझी वहिनी रडली, मग माझ्यावरच डाफरली, की बहीण वर्षभर एकटी सोसते आणि ह्यांना पत्ता नाही.

ऑपरेशन होऊ दे. तारीख कळव, मी येतो. बिघडलं तर भाचीला खांद्यावरून फिरवीन, त्यात काय एवढं.

आमची माया गृहीत धरत जा.

दादा

बोरीवली, २९ एप्रिल १९८६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू गेलास आणि दहा दिवसांनी पट्टी सुटली. राहिलेल्या तीन बोटांकडे मला बघवेना. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर उभं करायची घाई नको, आणि मांस पुन्हा वाढेल, पुन्हा कापावं लागेल.

काल सकाळी मी तांदूळ निवडत होते. क्षमाने खाटेचा पाय धरला, उजवा पाय खाली टेकला, आणि उभी राहिली. मग हात सोडला. तो जड पाय उचलून तिने पुढे टाकला, मग दुसरा, मग परत तो. पाच पावलं, दादा! कुणी शिकवलं नाही, कुणी बोट धरलं नाही. मी हातातलं सूप खाली ठेवलं. ती माझ्यापाशी येऊन थांबली आणि हसली.

आई कधी लेकीच्या पाया पडते का रे? मी पडले.

तिच्यावरही असाच जीव असू दे.

वनमाला