चूक पकडेल त्याला गूळ

१२ जानेवारी

फळा झाकला! काल शाळा सुटेपर्यंत होता. आज आठवीच्या वर्गात गेले तर त्याच्यावर हे भलंमोठं काळं पॅनल ठोकलेलं. माझा खडूचा डबा शिपायानं खिडकीत ठेवून दिला होता. त्याला विचारलं, हे काय रे? म्हणाला, "वरनं आलंय बाई." वरून काय काय येतं आमच्या शाळेत. शिक्षक तेवढे येत नाहीत.

दुपारी मुख्याध्यापक उदयसिंह सरांनी बोलावलं. "जीनतबाई, शिराळ्याच्या आपल्या शाखेत गणिताचं माणूस टिकत न्हाई. तुमी रिटायर व्हायच्या आत तुमचं सगळं शिकवणं रेकॉर्ड करून ठिवू." मी म्हणाले, करते. पण मेअखेर माझी जागा रिकामी होईल, तिथं स्वप्नाली हवी. माझीच विद्यार्थिनी. आठ वर्षं झाली इथं तासिकेवर राबतेय, कायम होईल या आशेवर. 'कायम नाही' म्हणून एक जमलेलं लग्नही मोडलं पोरीचं.

सर म्हणाले, "बाई, शब्द दिला."

फार बरं वाटलं.

२० जानेवारी

आज पहिलं रेकॉर्डिंग. रिकामा वर्ग, समोर कॅमेरा आणि तो चालवणारा सूरज. मोकळ्या बाकांना गणित शिकवायचं! लाज वाटली, खरं सांगते.

माझी जन्माची खोड — फळ्यावर मुद्दाम एक चूक करायची आणि गप्प उभं राहायचं. पकडेल त्याला गुळाचा खडा. त्या खड्यापायी पोरं डोळ्यांत तेल घालून बसतात. आमचा आख्खा वर्ग त्यावरच चालतो. स्वप्नालीनं शाळेत असताना इतका गूळ खाल्ला की तिची आई भांडायला आली होती!

आजही सवयीनं केलंच. तीन एक्स अधिक पाच बरोबर वीस. पाच पलीकडे नेले आणि चिन्ह बदललंच नाही. लिहिलं, तीन एक्स बरोबर पंचवीस. थांबले. कोण ओरडणार? बाकं?

सूरज म्हणाला, "मॅडम, अडकला काय? थांबवू?"

म्हटलं, राहू दे. मग मीच म्हणाले, "काय रे, कुणालाच दिसलं नाही? चुकलं की!" आणि दुरुस्त केलं. प्रत्येक धड्यात असंच करणार. पोरं जिथं बसून बघतील तिथं ओरडतील.

३ फेब्रुवारी

घसा बसला. लवंग चघळतेय.

२२ फेब्रुवारी

स्वप्नाली रोज शाळा सुटल्यावर सूरजजवळ बसते. कुठलं ठेवायचं, कुठलं कापायचं ते सांगायला. तिला म्हटलं, तुझ्या उपयोगाला येईल गं पुढं. तिनं सूरजला पुढचा धडा लावायला सांगितलं. हल्ली कमी बोलते.

३१ मे

निरोप समारंभ. शाल, नारळ, आणि अध्यक्षांचं न संपणारं भाषण. "बाई गेल्या तरी बाईंचा आवाज या भिंतींत राहणार." टाळ्या! मीही वाजवल्या. वेडी!

१८ जून

शाळा सुरू झाली. वेळापत्रकात स्वप्नालीचं नाव नाही. कायम तर सोडाच, तासिकेवरही नाही!

तशीच उदयसिंह सरांकडे गेले. चहा मागवला त्यांनी. म्हणाले, "संस्थेनं ती जागा भरायची न्हाई असं ठरवलं. गरजच काय? तुमचे व्हिडिओ हायत की. बाई, तुमी तर अमर झालासा!"

म्हटलं, आणि शब्द?

"माझ्या हातात काय हाय, आवं?"

चहा तसाच ठेवून उठले. संताप संताप झाला. सरांचा, आणि त्यांच्यापेक्षा माझा. अब्बा माधवनगरला मागावर कापड विणायचे. नवी यंत्रं आली तेव्हा त्यांनाही सांगितलं होतं, काम सोपं होईल. झालं की सोपं. इतकं सोपं की माणूसच लागेना. त्या घरात वाढलेली मी, आणि त्या पोरीची भाकरी माझ्याच तोंडानं खाऊन बसले.

१९ जून

स्वप्नालीला फोन लावला. उचलला नाही.

६ ऑगस्ट

आज शिराळ्याला गेले, मुद्दाम. बघू तरी माझं भूत कसं शिकवतंय ते! तिथलं मला प्रत्यक्ष कुणी ओळखत नाही. कुणाची तरी आजी आहे असं सांगून, पदर डोक्यावरून पुढं ओढून आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. पॅनलशेजारी भूगोलाचे मास्तर खुर्चीत. व्हिडिओ लावला आणि मोबाईल काढला त्यांनी.

पडद्यावर मी. तीन एक्स बरोबर पंचवीस. म्हटलं, आता थांबेन, आता कुणीतरी ओरडेल.

थांबलेच नाही! ते गप्प उभं राहणं गायब, ती दुरुस्तीही गायब. सरळ "आता पुढचं उदाहरण." पोरांनी माना खाली घालून पंचवीस वहीत उतरवले. सगळ्यांनी!

मला राहवेना. उभी राहून ओरडले, "चुकलं! अरे, चिन्ह बदला!"

पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची पोरगी मागं वळली. वैतागून म्हणाली, "आवं, गप बसा की जरा! बाई शिकवत्यात."

येताना एसटीत रडले. शेजारच्या म्हातारीनं पाणी दिलं.

७ ऑगस्ट

सूरजला फोनवर झाडला. पाक झाडला! तुला कुणी सांगितलं होतं रे कापायला? सगळ्या धड्यांत तेच केलंस काय?

तो बिचारा गडबडला. "मॅडम, मला गणितातलं काय कळतंय? स्वप्नाली मॅडमनी बोट ठेवलं तितनं कापलं."

८ ऑगस्ट

स्वप्नाली आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "व्हय बाई, मीच."

का गं?

"शब्द तुमास्नी दिला होता. मला कुणी काय दिलं न्हवतं. पॅनल ठोकलं तवाच कळलं, आता आपली गरज संपली. म्हटलं, व्हिडिओच चुकीचा शिकवायला लागला तर आईबाप बोंब मारतील, मग माणूस ठेवतील." मान वर केली तिनं. "दोन महिने होत आलं शाळा सुरू होऊन. एकाची तक्रार न्हाई, बाई."

शिराळ्याच्या पोरांचं काय, असं विचारायचं ओठावर आलं होतं. रागवायलाही हवं होतं. पण माझी चूक तिनं जानेवारीतच पकडली होती.

डब्यातला गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो खाल्ला नाही. मुठीत धरून गेली.