उमूवरची माती

नेइआफू, ४ मे

ती. नाइतेताईस, फुसीचा सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत, असं लिहायला हात धजत नाही. सलग तिसऱ्या रविवारी माझ्या सियालेने तोच तमाशा केला. उमूच्या चुलीच्या खड्ड्यात जेवण शिजायला ठेवून वर माती ओढली, तशी ती किंचाळत धावली आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागली. खाली तापलेले दगड! ओढलं तर मला चावली. तिची बोटं भाजली, अळकुड्या कच्च्या राहिल्या. आत्या म्हणाली, पाच वर्षांची पोर डोक्यावर चढवून ठेवलीस. मग मी तिला झोडपलं, ताई. आबा गेल्यापासून माझाही तोल राहत नाही. तू मास्तरीण आहेस, काय करू सांग.

तुझी फुसी

नुकुअलोफा, १२ मे

चि. फुसीस अनेक आशीर्वाद.

मारून झालं, आता बघून पाहा. ती नेमकी कुठल्या क्षणी बिथरते? वर्गात पोर लाथा झाडायला लागलं की मी खाली त्याच्याशेजारी बसते. का केलंस, हे विचारत नाही. तेव्हा त्यालाच ठाऊक नसतं. घाबरलास का, एवढंच. आणि अगं, चर्चच्या पायरीवर लोळण घ्यायचीस ती तूच ना? बोटांना मलम लाव. कळव लगेच, जीव टांगणीला आहे.

तुझी ताई

नेइआफू, २० मे

ती. ताईस सा. न.

दगड तापेपर्यंत ती हसत होती. पानांनी झाकलं तरी गप्प. मातीचं पहिलं फावडं पडलं आणि ओरडली. मी तिला पोटाशी धरून खाली बसले, लाथा खाल्ल्या, तू सांगितलंस तेवढंच विचारलं. तेव्हा म्हणाली, "आजोबांवर पण अशीच टाकली. त्यांना गरम होत असेल."

दफनाच्या वेळी तिला मुद्दाम घरी ठेवलं होतं गं. ती आमच्या मागून येऊन आंब्याआडून बघत होती. आणि मी सांगितलं होतं, आजोबा झोपलेत.

मग खरं सांगितलं. आजोबा मेलेत, मेलेल्या माणसाला गरम होत नाही, श्वास घ्यावा लागत नाही. सांगता सांगता मीच रडले, आबा गेल्यापासून पहिल्यांदा. तिने माझं तोंड पुसलं.

आज तिला कबरीवर नेलं. तिने रिवाजाप्रमाणे ओंजळीने पांढरी वाळू पसरली, अगदी हळू. परतताना पुन्हा हमसून रडली; मी गप्प बस म्हटलं नाही. घराजवळ आल्यावर तिने विचारलं, नाइतेमावशी आजोबांना भेटायला का आली नाही?

 दफनाच्या दिवशी तुझी बोट चुकली होती, हे कारण दोन महिने पुरत नाही, ताई. लोभ आहेच, तो घेऊन तूच ये.

तुझी फुसी