पिंप काठोकाठ हवं

३ डिसेंबर
चिठ्ठी माझ्या नावाची निघाली! सेंट विन्सेंट म्हणजे आम्हा द्राक्षमळेवाल्यांचा संत; त्याच्या सणाच्या जेवणाला, बावीस जानेवारीला, यंदा गाव माझी वाईन पिणार. इतकी वर्षं चिठ्ठी शेजारच्या फुल्क्रांचीच निघायची, त्याचीच प्यायलो. त्याची कारिन्यां द्राक्षाची वाईन म्हणजे भिजलेल्या बकऱ्याचा वास. त्या दिवशी त्याचं तोंड बघायचंय.

४ डिसेंबर
बहुतेक द्राक्षं सोसायटीला घातली होती. घरी ठेवली तेवढ्याची वाईन आज एकत्र केली. ग्रेनाश द्राक्षाची जास्त, सिराहची कमी. लहान पिंप काठोकाठ भरलं. वर हवा राहिली की व्हिनेगर. चव घेतली. काय सांगू! मारीझ, बाई आहेस की कोण!
निश्चय: रोज एकच घोट. तोही थुंकायचा.

७ डिसेंबर
थुंकवत नाही. पाव उकिरड्यावर टाकल्यासारखं वाटतं. उद्यापासून थुंकेन.

१२ डिसेंबर
वारा सुटलाय. वाऱ्यात वाईन बिथरते, म्हणून दोनदा तपासली. गिल्बेर विचारतो, अगं, तपासतेस की पितेस? म्हटलं, डॉक्टर नाडी एकदाच बघतो का? नवऱ्याला उत्तर हवं ते असं.

१५ डिसेंबर
पिंप खाली गेलंय. लाकूड पितं, हे पोरासोरांनाही ठाऊक. पण हे लाकूड दारुडंच निघालं. भर घालायला ठेवलेल्या बाटल्या ओतल्या. शेवटची अर्धी मी संपवली. अर्धी बाटली ठेवून करायचं काय?

२० डिसेंबर
पुन्हा खाली! गिल्बेरला फुल्क्रांकडे पिटाळलं. सांग म्हटलं, सॉसेज शिजवायला वाईन हवी. त्याने बुधला भरून दिला, वर निरोप, सॉसेजनं कमी प्यावं. मेला चावट. थोडी पिंपात ओतली. एवढ्यात एक बकरा काय जाणवणार?

२५ डिसेंबर
ऑयस्टर केले. त्यांना पांढरी वाईन लागते, पण माझी लाल चालते का बघायला नको? चालते! फार चालते! झाडूबरोबर नाचले. गिल्बेरपेक्षा बरा नाचतो.

२ जानेवारी
नव्या वर्षाचा निश्चय: पिंपाजवळ फिरकायचं नाही.
संध्याकाळी: बिचारं एकटं पडलं होतं.

९ जानेवारी
गिल्बेर परत बुधला घेऊन गेला. फुल्क्रां म्हणाला म्हणे, अरे, गावात डुक्कर उरलंय की नाही?
हसू दे. माझी वाईन दिवसेंदिवस सुधारतेय! आता तिला काळ्या ऑलिव्हचा वास, माळरानाचा वास. हाताला गुण असतो एकेकीच्या.

१८ जानेवारी
आणखी एक बुधला. पिंप काठोकाठ. मीही.

२२ जानेवारी
सभागृहात टेबलं बडवली लोकांनी! सरपंच म्हणाले, मारीझ, अशी वाईन आयुष्यात प्यायलो नाही. फुल्क्रांनं पेला उचलला. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले, तोंड बघायला. एक घोट. डोळे मिटले. मग हसत सुटला. म्हणाला, लोकहो, ही माझी कारिन्यां. ही इथे कशी आली?
सगळे गिल्बेरकडे वळले. गाढव खरं बोलला. बुधले मीच वाहिले म्हणाला.
मग जो हशा पिकला!

२३ जानेवारी
पुढच्या वर्षापासून चिठ्ठ्या बंद. थेट फुल्क्रांचीच वाईन. पिंप धुऊन उपडं घातलं. गिल्बेर विचारतो, तुझी वाईन होती तरी कशी गं?
उत्तम होती. गावात तशी झाली नाही.
साक्षीला मी एकटीच.