रेवताबाईंच्या शेवटच्या वाटेवर रुतलेले बटण

आंधळगाव, १४ मार्च १९८६

तीर्थस्वरूप श्यामराव मामांना भाचा गोपीचंदचा दोन्ही हात जोडून नमस्कार. मामींचे गुडघे आता बरे असतील. इकडे आई, म्हणजे तुमची ताई, ठणठणीत आहे. हादरलो आहे तो मी. मंगळवारी आपल्या बँडची अब्रू भर बाजारातून गेली, आणि त्याला कारण तुम्ही नागपूरहून धाडलेली, आपोआप ठेका देणारी ती इलेक्ट्रिक पेटी!

त्या दिवशी रेवताबाई गेल्या. वय त्र्याण्णव, पणतू पाहिलेला, म्हणून मुलाने, मारोतरावांनी, वाजतगाजत न्यायचे ठरवले. आपले क्लॅरिनेटवाले नत्थूकाका (तरुणपणी कामठीला एका गोवेकर मास्तराकडे जॅझ शिकले, तेव्हापासून कोणतीही चाल दोनदा सारखी वाजवत नाहीत) पेटी आल्यापासून माझ्यावर रुसून होते. "मशिनीसंग वाजवाले मी का मशीन आहो?" म्हणत, आजचा दिवस शेवटचा, असे त्यांनी बजावलेच होते. ते गेले तर बँड म्हणजे नुसता पत्र्याचा आवाज, हे तुम्ही जाणताच.

ठेल्यावर पेटी, तिला बॅटरी, वर भोंगा. मी भजनाच्या ठेक्याचे बटण दाबायला गेलो, शेजारचे दाबले गेले आणि आत रुतले. सुरू झाला डिस्को! पेटी बंद करून पुन्हा लावली, तरी डिस्कोच, आणि आणखी जलद. खांदेकऱ्यांची पावले ठेक्यात पडायला लागली (तिरडी हलत होती, मामा, मी डोळेच मिटले). मारोतराव ओरडले, "गोप्या, माही माय नेऊन राहिलो मी, वरात नाही!"

आता मार पडणार, असे वाटले. तेवढ्यात नत्थूकाकांनी क्लॅरिनेट तोंडाला लावले. भजन त्या डिस्कोवर अलगद बसवले, मग ते सोडून मनाला येईल तिकडे भटकले आणि बरोबर ठेक्यावर परत आले. वाटेवरच्या अंगणांतल्या म्हाताऱ्या टाळ्या धरू लागल्या. आणि मारोतराव, मामा, मारोतराव रडत रडत नाचले. पार घाटापर्यंत! असे कोणी कुठे ऐकले आहे का?

पेटी उद्याच्या एस. टी.ने पाठवतो. कारागिराकडून बटण मोकळे करून घ्या. अशी शोभा पुन्हा नको.

आपला,
गोपीचंद

ता. क. नत्थूकाकांनी पत्र वाचून घेतले. म्हणतात, "ते बटन सुधरलं त मी चाललो." तेव्हा भोंग्याची खरखर तेवढी काढा, बटणाला हात लावू देऊ नका.

आणखी ता. क. आईने नत्थूकाकांना चहाला बोलावून स्वतःसाठी हेच वाजवायचे सांगून ठेवले आहे. घाई नाही म्हणते. पण "माह्या श्यामले आधी ऐकवा, मंग मले न्या," असेही म्हणते. पेटी एस. टी.ने धाडणार नाही. तुम्हीच ती न्यायला या, आई ऐकायला आहे तोवर.